घाटाकडून दिसणारी राजधानी

मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण समुद्राकडे तोंड करून बसतात. सात बेटे, पोर्तुगीज राजकन्येचे आंदण, १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात पडलेला मुलूख, सुरतेहून १६८७ मध्ये मुंबईत आलेला कंपनीचा कारभार, मग गोदी, भराव, कापसाची तेजी, गिरण्या, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची राजधानी. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि ती खोटीही नाही. पण या गोष्टीतल्या शहराला तहान लागत नाही, चूल पेटवायला लाकूड लागत नाही, ट्रामच्या घोड्यांना गवत लागत नाही. या गरजा भागल्या त्या शहराच्या पाठीमागून, घाटाच्या बाजूने. पुढच्या पानांत लेखकाने राजधानीच्या वाढीची हकिगत तिकडे उभे राहून सांगितली आहे. उभे राहण्याची जागा म्हणजे ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्हा म्हटले की डोळ्यांपुढे उंच इमारतीच येऊ लागल्या. तरी जिल्ह्याचा पूर्वेकडचा मोठा पट्टा अजून भाताचा, जंगलाचा आणि पाड्यांचा आहे. माहुली, आजोबा, सिद्धगड, गोरखगड असे सह्याद्रीचे खांदे त्याच्या अंगावर आहेत. वस्ती कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशी मिसळलेली. पौषात म्हशाची जत्रा भरते, बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार होतो. माहुलीच्या वेढ्यात १६३६ साली निजामशाही संपली, हे शाळेतल्या पुस्तकात एका ओळीत येते आणि शहापूरचे नाव तिथेच संपते.

खरे तर हा मुलूख राजधानीपेक्षा फार जुना. मुंबईच्या जागी कोळीवाडे आणि खाजण होते तेव्हा व्यापाराचा हमरस्ता मुरबाडमधून जात होता. जुन्नरहून नाणेघाट उतरायचा, वैशाखऱ्याच्या बाजूने कल्याण गाठायचे, पुढे सोपाऱ्याचे बंदर. नागनिकेचा लेख असलेले लेणे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण त्या वाटेच्या माथ्यावर आजही आहेत. म्हणजे सातवाहनांच्या काळात जगाशी जोडलेला तालुका मुरबाड होता. आज त्याच तालुक्यात रेल्वेचे एकही स्टेशन नाही आणि कल्याण-मुरबाड मार्ग पुढारी बदलले तरी भाषणांतून काही हलत नाही. एवढी उलथापालथ कशी झाली, याचे उत्तर इंग्रजांनी लोहमार्गासाठी कोणता घाट निवडला त्यात आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा हिशेब मात्र शहापूरकरांनी सांगावा. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली, १८५५ च्या ऑक्टोबरात वासिंदला. मग चार-साडेचार वर्षे वासिंदच शेवटचे स्टेशन. १८६० मध्ये आसनगाव, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसारा आणि १८६५ च्या पहिल्या दिवशी थळ घाट चढून इगतपुरी. सदतीस फुटांत एक फूट अशी ती चढण आहे. गाडीला मागून रेटायला कसाऱ्यात जादा इंजिने जोडतात. बँकर म्हणतात त्यांना. खान्देश-वऱ्हाडचा कापूस या चढणीवरून उतरून गोदीत पोहोचला तेव्हाच मुंबई खऱ्या अर्थाने देशाची बाजारपेठ झाली. नाणेघाट ओस पडला, मुरबाड आडबाजूला गेले आणि शहापूर वाटेवर आले. वाटेवर येण्याचे सुख-दुःख कसे असते, हे या पुस्तकाचे अर्धे सूत्र आहे.

रुळांबरोबर पहिल्यांदा गेले ते गवत आणि लाकूड. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्राम घोडे ओढत होते. त्याशिवाय बग्ग्या, पलटणींचे घोडे, दुधाचे तबेले. या सगळ्यांचे वाळले गवत ठाणे जिल्ह्याच्या वरकस जमिनीतून जाई. चुलीचे लाकूड आणि कोळसाही इथलाच. भट्टी लावणारे हात बहुतेक कातकऱ्यांचे, वखार दुसऱ्याची. शहराला लाकूड कमी पडेल या धास्तीने सरकारने जंगल राखीव करायला घेतले आणि कुऱ्हाड कोणी चालवायची याचे कायदे आले. इथे एक बारीक गोष्ट समजून घ्यायला हवी. या भागातला शेतकरी भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजतो. फांद्या, पाला, शेण, गवत असे थर वाफ्यावर पसरायचे, वर माती टाकायची आणि पावसाच्या आधी पेटवून द्यायचे. तण जळते, माती भुसभुशीत होते, रोप तरारून येते. राबाला टहाळ तोडायची बंदी म्हणजे भातालाच बंदी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. शहराच्या चुलीची चिंता आणि गावाच्या राबाची चिंता पहिल्यांदा एका कागदावर आली ती तिथे. ते प्रकरण वाचकांनी घाईने वाचू नये.

आता पाण्याकडे. या पुस्तकाची सगळ्यांत जास्त पाने पाण्याने घेतली आहेत आणि ते रास्त आहे.

मुंबई बेटावर पाणी विहिरी-तलावांचेच. १८५४ च्या उन्हाळ्यात ते आटले आणि शहर हवालदिल झाले. त्यातून विहार तलाव बांधला गेला, १८६० मध्ये नळाला पाणी आले. शहर वाढले, १८७९ मध्ये तुळशीची भर पडली. दोन्ही तलाव साष्टीतले, शहरापासून फार लांब नाहीत. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर गेली होती. पुढच्याच वर्षी तानसा धरणाचे पाणी शहरात आले. तानसा शहापूर तालुक्यात. दगडी बांध, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब. १८९२ मध्ये पहिला टप्पा झाला, मग १९१५, १९२५ आणि १९४८ असे आणखी तीन. शहर पोटात अन्न मावेना म्हणून कमरपट्टा सैल करत जावे तसे हे टप्पे आहेत. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत ताणली गेली. त्याच साली वैतरणेवरचे धरण पुरे झाले. नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने त्याला मोडकसागर म्हणतात. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, १९८० च्या दशकापासून भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईची बृहन्मुंबई कशी झाली ते या सालांवरून जेवढे कळते तेवढे महापौरांच्या यादीवरून कळत नाही.

आकडे एकदाच देतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. पावसाळ्यात पेपरात रोज येणारा टक्का याच आकड्याचा. त्यांत एकट्या भातसाचे ७ लाख १७ हजार ३७, म्हणजे निम्मे. तानसा १ लाख ४५ हजार ८०, मोडकसागर १ लाख २८ हजार ९२५. शहापूरच्या भूमीतले हे तीन जलाशय धरले तरी दोन तृतीयांशाच्या वर भरतात. शहापूर-मोखाड्याच्या सीमेवरचे मध्य वैतरणा मिळवले तर चार पंचमांशाच्याही पुढे. आणि शहराच्या स्वतःच्या हद्दीतले विहार-तुळशी? दोन्ही मिळून पस्तीस-छत्तीस हजार. अडीच टक्के.

तानशाहून पाणी उताराने येते, त्याला पंप लागत नाही. जंगलातून, ओढ्यांवरून, भातखाचरांच्या कडेने सहा फूट व्यासाच्या लोखंडी नळांच्या जोड्या भांडुपच्या दिशेने जातात. शहापूर-भिवंडीच्या कितीतरी गावांत पत्ता सांगताना पाइपलाइनच्या अलीकडे की पलीकडे असे विचारतात. शेजारचा सेवारस्ता हीच पायवाट. व्हॉल्व्हशी कुठे गळती असली की तिथे हंडे लागतात, धुणी होतात, गुरे पाणी पितात. भातसाचे पाणी याउलट नदीनेच खाली येते आणि भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते.

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रे शहापूरच्या टँकरचा फोटो छापतात आणि वर मथळा देतात, धरण उशाला आणि कोरड घशाला. मथळा चपखल आहे, म्हणूनच त्यावर थांबण्याची सवय लागली आहे. असे का होते, हे क्वचितच कोणी सांगते. पाऊस इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, धावत सुटते. पाडे टेकडीच्या सोंडांवर विखुरलेले आणि जलाशय त्यांच्या पायथ्याशी, खोलात. म्हणजे शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला जे पाणी आपसूक उताराने जाते, तेच समोरच्या टेकडीवरच्या वाडीला वर चढवावे लागते. त्याला पंप हवा, वीज हवी, वीजबिल भरणारी ग्रामपंचायत हवी. त्यातून मोठ्या नळातले पाणी कच्चे, शुद्धीकरण खाली शहराच्या दाराशी. वाटेतल्या काही गावांना महापालिका पाणी देते, बाकीच्यांना योजना. योजना मंजूर होतात, टाक्या उभ्या राहतात, नळ कोरडे राहतात. भावली धरणावरून उताराने पाणी आणण्याची कल्पना तालुक्यात इतक्या आशेने बोलली जाते ती याचसाठी: ते धरण वर, इगतपुरीच्या बाजूला आहे. मुंबईचा फायदा जसा उताराने झाला तसा एकदा आपलाही व्हावा, एवढाच त्यातला साधा हिशेब. निसर्गाने अडवलेले यात काही आहेच, पण सव्वाशे वर्षांत धरणे बांधणाऱ्या अभियंत्यांना पाच-सात किलोमीटर पाणी वर चढवता आले नसते, यावर माझा विश्वास नाही. ते कोणाच्या कामाच्या यादीत नव्हते.

राजधानीच्या तहानेचा असा हिशेब करण्याची वेळ दुसरीकडेही आली होती. अमेरिकेत राज्याची राजधानी सहसा मोठ्या शहराबाहेर ठेवलेली दिसते. न्यूयॉर्क राज्याची आल्बनीला, कॅलिफोर्नियाची सॅक्रामेंटोला, इलिनॉयची स्प्रिंगफील्डला. बॉस्टनचे तसे नाही. मॅसॅच्युसेट्सची राजधानीही तेच आणि सगळ्यांत मोठे शहरही तेच, आपल्या मुंबईसारखे. बॉस्टनची तहान वाढली तेव्हा तिथल्या विधिमंडळाने १९२७ साली कायदा करून पश्चिमेकडची स्विफ्ट नदी अडवायचे ठरवले. शहरापासून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. डाना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्याने संपली. आदल्या रात्री एनफील्डच्या सभागृहात निरोपाचा नाच झाला, बाराचे ठोके पडले आणि गाव कागदावरून पुसले गेले. साडेसात हजारांच्या आसपास मृतांचे अवशेष उकरून नव्या दफनभूमीत नेले गेले. क्वाबिन जलाशय भरायला १९४६ उजाडले. तिथेही लोक उठले, घरे पाडली गेली. मला फरक दिसतो तो नोंदीचा. त्या चार गावांची घरन् घर छायाचित्रे घेतली गेली, त्यांच्या नावाने संग्रहालय आहे. तानशाच्या बुडितात कोणकोणत्या वाड्या गेल्या हे शोधायचे तर जुने फेरफार आणि जमीन संपादनाचे कागद धुंडाळावे लागतात. कागद सापडला तर त्यात खातेदार सापडतो. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती तो कातकरी कोणत्याच रकान्यात येत नाही.

राजधानी आणि पैशाची पेढी एकाच गावात असली की निर्णय घेणारा आणि तहानलेला एकच होतो. नागपूरने १९५६ मध्ये आपली राजधानी गमावली, बदल्यात हिवाळी अधिवेशन तरी मिळाले. शहापूर-मुरबाडशी असा कोणताच करार कधी झाला नाही.

असे असले तरी लेखकाने एकसुरी कैफियत मांडलेली नाही, हे मला आवडले. तानशाच्या पाणलोटात वस्ती आणि तोड यांना मज्जाव झाला म्हणूनच तिथले साग-ऐनाचे जंगल टिकले. १९७० मध्ये तिथे अभयारण्य झाले. धरण नसते तर ते रान कोळशाच्या भट्टीत कधीच गेले असते. मुंबईने रान खाल्ले आणि मुंबईनेच रान राखले. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवायला धीर लागतो.

मुरबाडच्या वाट्याला आलेली सगळ्यांत ठळक तारीख २ जानेवारी १९४३. माथेरानचे वकील विठ्ठलराव, म्हणजे भाई कोतवाल, यांचे आझाद दस्ते १९४२ च्या पावसाळ्यानंतर या डोंगरांतून फिरत होते. त्यांनी ठाण्यांवर बॉम्ब टाकत हिंडण्याऐवजी विजेचे मनोरे पाडले. घाटाच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज नेणाऱ्या तारा याच रानावरून जात होत्या. राजधानीचा जीव कुठे आहे, हे त्या माणसाने नेमके ओळखले होते. सिद्धगडच्या रानात पोलिसांनी गाठले, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पडले. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात. मुंबईच्या विजेचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकी किती जण तिथे गेले असतील कोण जाणे.

मुंबईच्या हद्दीबाहेर मुंबई वाढू लागली तेव्हा मुरबाडच्या नद्यांची पाळी आली. बारवी धरण १९७२ चे, एमआयडीसीचे. आधी अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांसाठी, मग कल्याण, उल्हासनगर, ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंतच्या नळांसाठी. उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली, बुडित वाढत गेले. तोंडली, मोहघर, तोली ही नावे त्यातली. लढून लढून गावांनी घरटी एक नोकरी किंवा रोख रक्कम असा तोडगा पदरात पाडून घेतला आणि पाणी पिणाऱ्या महापालिकांनाही त्यांतल्या नोकऱ्या द्याव्या लागल्या. उशिरा का होईना, पाण्याचा घोट आणि पाणी देणारे घर यांचा संबंध कोणी तरी सरकारी कागदावर जोडला, म्हणून हे प्रकरण मला धरणांच्या सगळ्या इतिहासात वेगळे वाटते. वेगळे म्हणजे पुरेसे नव्हे. नोकरी महापालिकेची, म्हणजे राहणे शहराजवळ, म्हणजे गाव दुसऱ्यांदा उठले.

काळू धरणाचे चित्र उलटे. माळशेजच्या माथ्याकडून उतरणारी काळू अडवायची, पाणी महानगर प्रदेशाला न्यायचे, पैसा एमएमआरडीएचा. हजार हेक्टरांच्या आसपास वनजमीन लागणार. वनखात्याची अंतिम परवानगी हातात नसताना २०११ मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना आणि गावकरी कोर्टात गेले, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. तेव्हापासून काळू कधी अंदाजपत्रकात जिवंत होते, कधी निवडणुकीच्या सभेत. शाई नदीचेही तसेच टांगते राहिले आहे.

दरम्यान माणसेही उताराने वाहत राहिली. पहाटेची कसारा लोकल पकडणारा शहापूरचा तरुण भिवंडीच्या गोदामात किंवा ठाण्याच्या दुकानात उतरतो. कसारा ते मुंबई १२१ किलोमीटर. एक गाडी चुकली की पुढचीसाठी किती खोळंबा होतो ते आटगाव-खर्डीच्या फलाटावर कोणीही सांगेल. इथल्या शेतातली भेंडी मात्र त्याच्याआधी पोहोचते, कधी कधी विमानाने परदेशी. आता समृद्धी महामार्गही आला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि मोठा भाग शहापूरमधूनच जातो. सरळांबे इथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गर्डर उभारणारे यंत्र कोसळून वीस जणांचा जीव गेला, तेही याच रस्त्यावर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊसचे फलक लागले आहेत. भाताच्या जमिनीच्या भावाचा भाताशी संबंध कधीच सुटला.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे आणि तो इथेच नोंदवतो. मुंबईचा दोष दाखवताना तालुक्यांतल्या पुढाऱ्यांना त्याने फार स्वस्तात सोडले आहे. धरणाच्या ठेक्यात, टँकरच्या ठेक्यात आणि प्लॉटच्या दलालीत इथलेच हात होते. टंचाई संपावी असे वाटणारे आणि टंचाईवर पोट भरणारे एकाच पंचायत समितीत बसलेले असतात. त्यावर निदान एक प्रकरण हवे होते. बायकांच्या आठवणीही कमी आहेत. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरणाऱ्यांना या इतिहासातले जेवढे ठाऊक आहे तेवढे कोणत्याच दप्तरात नाही. तेवढे काम पुढे करावे लागेल, आणि काळूचा निकाल लागला की दुसरी आवृत्तीही काढावी लागेल.